पोलीस ठाण्याचं बजेट नेमकं किती असतं, आणि ते बघायचं कुठे?

तालुका_वाचक

राज्याच्या अर्थसंकल्पात गृह विभागापुढे हजारो कोटींचे आकडे दिसतात. इकडे तालुक्याच्या ठाण्यात झेरॉक्स बाहेरून काढून आणा म्हणतात, आणि महिनाअखेरीला गस्तीची गाडी आवारातच उभी असते. मधला पैसा जातो कुठे, हे समजून घ्यायचंय.

आमच्या नागरिक मंचासाठी टिपण करतोय. मोघम उत्तरं नकोत. एका ठाण्याला स्वतःचं बजेट असतं का? केंद्राचा पैसा, राज्याचा पैसा, जिल्हा नियोजनचा पैसा यांत कशातून काय घेतात? आणि माहिती अधिकारात नेमके कोणते शब्द लिहिले की टोलवाटोलवी होत नाही? पुण्या-मुंबईत ई-चलनाचे कोट्यवधी जमतात, त्यातलं पोलिसांना काही मिळतं का, हेही कुणी सांगा.

खर्चमेळ

आधी मूळ गोष्ट: ठाण्याला बजेट नसतं. ठाण्याचा प्रभारी निरीक्षक आहरण व संवितरण अधिकारी नसतो, म्हणजे कोषागारात देयक टाकून पैसे काढायचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे आणि शहरात आयुक्तालयाकडे. ठाण्याला मिळतात त्या वस्तू: इतकं डिझेल, इतकी रिमं, इतके टोनर. हाताशी रोख म्हणाल तर छोटीशी स्थायी अग्रिम रक्कम, तीही पावत्या लावून भरून घ्यायची.

वरून खाली बघू. 'पोलीस' हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीचा विषय (नोंद २), त्यामुळे मुख्य भार राज्याचाच. विधानसभा गृह विभागाची मागणी क्रमांक बी-१ 'पोलीस प्रशासन' मंजूर करते. त्यातलं मुख्य लेखाशीर्ष २०५५ म्हणजे चालू खर्च. त्याखाली जिल्हा पोलीस १०९, राज्य राखीव दलासारखं विशेष पोलीस १०४, रेल्वे पोलीस १११, प्रशिक्षण ००३, आधुनिकीकरण ११५ अशी गौण शीर्षं. इमारती व मोठ्या भांडवली वस्तू ४०५५ मध्ये, निवासस्थानं ४२१६ मध्ये. तुमच्या तालुक्याचा संबंध बहुतेक २०५५-१०९ शी.

मग येतात उद्दिष्टं, म्हणजे खर्चाचे प्रकार. प्रत्येक जिल्ह्याला पैसा उद्दिष्टवार येतो: ०१ वेतन, ०६ दूरध्वनी-वीज-पाणी, ११ देशांतर्गत प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, १७ संगणक, २४ पेट्रोल-तेल-वंगण, ५१ मोटार वाहने वगैरे. २४ मध्ये पैसा उरला म्हणून १३ मध्ये वापरा, असं अधीक्षक परस्पर करू शकत नाहीत. त्यासाठी पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वर जातो आणि वर्षाच्या शेवटी कधीतरी मंजूर होतो.

पोलीस खर्चात पाचातले चार रुपये, बऱ्याचदा त्याहून जास्त, वेतन व भत्त्यांत जातात. यात गैर काही नाही, पोलीस म्हणजे माणसंच. पण म्हणून 'गृह खात्याला इतके हजार कोटी' या आकड्यावरून ठाण्याच्या डिझेलचा अंदाज बांधता येत नाही. डिझेल, कागद, वीजबिल, प्रवास भत्ता, संगणक दुरुस्ती हे सगळं उरलेल्या फटीत बसवायचं. आणि सरकारला हात आखडता घ्यायचा झाला की कात्री तिथेच लागते, कारण वेतनाला लावता येत नाही.

आता गाडी आवारात का उभी राहते ते. सरकारी हिशेब रोखीवर चालतो. पैसे कोषागारातून गेले तरच तो खर्च. पंपाचं मार्चचं बिल ३१ मार्चला पारित झालं नाही तर कागदोपत्री ते डिझेल वापरलंच गेलं नाही! पुढच्या वर्षाचा अंदाज मात्र मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चावर थोडी वाढ धरून करतात. म्हणजे थकबाकी जितकी मोठी, तितका पुढचा अंदाज खऱ्या गरजेपेक्षा कमी. एप्रिलमध्ये बीम्सवर पहिला हप्ता आला की त्यातला मोठा वाटा जुनी बिलं फेडण्यात संपतो, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा उधारी. कुणी पैसे खाल्ले नाहीत तरी हे चक्र वर्षानुवर्षं फिरत राहतं.

बीम्स म्हणजे अनुदान वाटपाची संगणक प्रणाली. अर्थसंकल्पात तरतूद आहे म्हणजे पैसा आला असं नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं टक्केवारीत निधी सोडतो, गृह विभाग तो महासंचालक कार्यालयाकडे, तिथून जिल्ह्यांना. 'मंजूर तरतूद', 'वितरित अनुदान' आणि 'खर्च' हे तीन वेगळे आकडे आहेत. टिपणात ते एकमेकांत मिसळू नका. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत हीच चूक सर्रास असते.

चाकदुरुस्ती

वरच्यात इंधनाचा साधा हिशेब जोडतो, टिपणात उपयोगी पडेल.

समजा बोलेरो, गस्त रोज १०० किमी, लिटरला १० किमी. थांबून-थांबून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणारी गाडी याहून जास्त देत नाही. रोज १० लिटर, महिन्याला ३०० लिटर. ९० रुपये दरानं २७,००० रुपये, वर्षाला ३ लाख २४ हजार, एका गाडीचे. आता त्या गाडीला महिन्याची मर्यादा १५० लिटर असेल तर रोजचे ५० किमी होतात. ग्रामीण ठाण्याच्या हद्दीत टोकाच्या गावाला जाऊन यायलाच तेवढे लागतात. त्यात न्यायालयात आरोपी नेणं, जिल्ह्याला मुद्देमाल पोचवणं, शवविच्छेदनाला प्रेत हलवणं हेही त्याच टाकीतून. व्हीआयपी दौरा आला की मर्यादा तिथेच संपते.

मर्यादा लिटरमध्ये असते आणि अनुदान रुपयांत. दर वाढले की लिटर तेच राहतात, रुपये पुरत नाहीत, पंपाची उधारी वाढते. माहिती मागताना दोन्ही मागा: गाडीनिहाय मासिक इंधन मर्यादा आणि उद्दिष्ट २४ चं वितरण. लॉगबुकच्या प्रती सगळ्या गाड्यांच्या मागू नका, ढीग हातात येईल. दोन महिने निवडा, एक गणपतीचा आणि एक साधा.

दान आलेल्या गाड्यांचं वेगळंच. कंपनी किंवा ट्रस्ट गाडी देतो, चावी देतानाचा फोटो छापून येतो. पण मंजूर वाहन संख्येत ती बसवली नाही तर तिला चालकाचं पद नाही, इंधनाची तरतूद नाही, टायर-बॅटरीचा पैसा नाही. मग ती दुसऱ्या गाडीच्या कोट्यातलं डिझेल पिते. जुनी गाडी वेळेत निर्लेखित केली (नोंदीतून काढून टाकली) नाही तर तीही आकड्यात 'उपलब्ध' दिसत राहते, म्हणून नव्या गाडीची मागणी वर फेटाळली जाते.

सीमाभाग

केंद्राच्या पैशाबद्दल.

पोलीस दल आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केंद्रानं २६,२७५ कोटींची छत्री योजना मंजूर केली. त्यात राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणासाठी ४,८४६ कोटी, तेही सगळी राज्यं मिळून. महाराष्ट्राचा वाटा काढा, त्याला जिल्ह्यांनी भागा, मग कळेल की 'केंद्रानं पैसा दिला' या वाक्यात ठाण्यापर्यंत पोचणारं किती असतं. वाटणी ६०:४०, ईशान्य व हिमालयीन राज्यांना ९०:१०.

या पैशातून प्रामुख्यानं शस्त्रं, दळणवळण यंत्रणा, न्यायवैद्यक उपकरणं, प्रशिक्षण साहित्य घेतात. गाड्या आणि बांधकाम नक्षलग्रस्त किंवा बंडखोरीग्रस्त जिल्ह्यांपुरतं. त्यामुळे साताऱ्याच्या किंवा जालन्याच्या ठाण्याची नवी इमारत या योजनेत शोधू नका.

प्रक्रिया अशी: राज्य दरवर्षी कृती आराखडा करतं, मुख्य सचिवांची समिती तो मंजूर करते, मग केंद्रीय गृह मंत्रालय. केंद्राचा हप्ता येतो, राज्याचा ४० टक्के हिस्सा त्यात पडायला हवा, मग खरेदी, मग उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला). अडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन पायऱ्यांवर. निविदेचे तांत्रिक निकष ठरवण्यातच महिने जातात, एकच निविदा आली की फेरनिविदा. उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. २०२१ मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एकाच नोडल खात्यात ठेवून पीएफएमएसवर (केंद्राच्या निधी-हिशेबाच्या संगणक प्रणालीवर) दाखवण्याचा नियम आला, त्यामुळे पडून असलेली रक्कम केंद्राला थेट दिसू लागली.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आणखी एक प्रवाह असतो, सुरक्षाविषयक खर्चाची प्रतिपूर्ती. यात राज्य आधी खर्च करतं, केंद्र नंतर भरून देतं. आत्मसमर्पितांचं पुनर्वसन, शहीद जवानांच्या कुटुंबांना सानुग्रह अनुदान अशा बाबी त्यात येतात. इतर जिल्ह्यांशी तुलना करताना हे बाजूला काढा, नाहीतर गडचिरोलीचा दरडोई खर्च बघून भलताच निष्कर्ष निघेल.

रेल्वे पोलिसांचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात, पण रेल्वेनं मान्य केलेल्या पदांपुरताच. राज्यानं स्वतःहून वाढवलेली पदं पूर्ण राज्याच्या डोक्यावर.

तालुका_वाचक

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. दोन शंका राहिल्या. दंड आणि बंदोबस्त शुल्क कुठे जातं? आणि आमच्या गावात चौकाचौकांत कॅमेरे बसलेत, निम्मे बंद आहेत. ते कुणाच्या पैशातून?

खर्चमेळ

दंडातला एक रुपयाही ठाण्याचा नाही, वाहतूक शाखेचाही नाही. सगळं राज्याच्या एकत्रित निधीत. अनुच्छेद २६६ नुसार तिथून पैसा निघतो तो विनियोजन कायद्यानंच. माझ्या मते हे योग्यच आहे. दंडाचा वाटा वसूल करणाऱ्याला मिळू लागला तर सिग्नलपेक्षा पावती पुस्तक महत्त्वाचं होईल. 'आम्ही शासनाला इतके कोटी मिळवून दिले, मग आम्हाला इतके कोटी द्या' हा युक्तिवाद पत्रकार परिषदेत चालतो, अर्थसंकल्पात नाही.

बंदोबस्ताचं असं. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ४७ खाली खासगी व्यक्ती वा संस्थेच्या अर्जावर जादा पोलीस देता येतात, कलम ४८ मोठ्या कामांच्या ठिकाणांसाठी, आणि वसुली कलम ४९ खाली. दर पदानुसार शासन निर्णयानं ठरतात. रक्कम ग्रास प्रणालीवरून (शासनाकडे ऑनलाइन पैसे भरायची यंत्रणा) जमा शीर्ष ००५५ मध्ये, 'इतर पक्षांना पुरवलेले पोलीस' या खाली. म्हणजे बंदोबस्ताला माणसं ठाण्यातून गेली, गस्त ठाण्याची बुडाली, पैसा मात्र मंत्रालयाच्या हिशेबात.

यातली खरी दुखरी जागा थकबाकी. क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे कोट्यवधी वर्षानुवर्षं वसूल झाले नाहीत, आणि जून २०२३ मध्ये शासनानं हे शुल्क २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावानं कमी केलं. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयानं सरकारला जाबही विचारला. तुमच्या जिल्ह्यातही सशुल्क बंदोबस्ताची येणी असतील. आगाऊ भरून घ्यायची पद्धत आहे, तरी 'कार्यक्रमानंतर भरतो' यावर बरीच मंडळी सुटतात.

एक गफलत टाळा. बँकेच्या किंवा मेट्रोच्या दारात दिसणारे महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान या हिशेबात येत नाहीत. ते राज्य सुरक्षा महामंडळाचे, पैसे ती ती संस्था महामंडळाला भरते. होमगार्डचं मानधनही २०५५ मध्ये नाही, ते २०७० मध्ये. पोलीस पाटील मात्र २०५५ मध्येच, 'ग्राम पोलीस' या शीर्षात.

चाकदुरुस्ती

कॅमेरे बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती आराखडा करते, अधीक्षक कार्यालय प्रस्ताव देतं, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, निधी बीम्सवर येतो. जिल्हा परिषदेला हा पैसा खर्चायला पुढचं वर्षही मिळतं. पोलिसांसारख्या राज्य कार्यालयाला नाही, ३१ मार्चला शिल्लक व्यपगत, म्हणजे हातातून जाते. निधी जानेवारीत आला तर दोन महिन्यांत निविदा, पुरवठा, उभारणी, देयक सगळं उरकायचं. त्यात फेब्रुवारीच्या मध्यापासून नव्या खरेदीवर वित्त विभागाचे निर्बंध. मग जे लवकर मिळेल ते घेतलं जातं: कॅमेरे, बॅरिकेड, संगणक. गरज काय होती हा विचार मागे पडतो.

बंद का पडतात ते सांगतो. खरेदीचा पैसा योजनेचा होता, पण पुढची देखभाल कुणाची हे मान्यतेच्या कागदात लिहिलेलंच नसतं. हमीचा काळ संपला की वार्षिक देखभाल करार २०५५ मधून करावा लागतो, आणि तिथे फट आधीच भरलेली. खांबावरच्या कॅमेऱ्याची वीज नगरपरिषदेच्या पथदिव्यांच्या जोडणीतून घेतलेली असते. नगरपरिषदेनं दिवसा पथदिव्यांची लाइन बंद केली की कॅमेरा रात्रीपुरता उरतो. रस्ता खोदताना फायबर तुटली तर जोडायला ठेकेदार कराराशिवाय येत नाही. रेकॉर्डरची हार्ड डिस्क गेली तर कॅमेरा चालू दिसतो, चित्रण मात्र साठतच नाही, आणि हे गुन्हा घडल्यावरच कळतं.

मागायची कागदपत्रं तीन: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, पुरवठा आदेश (हमीच्या अटींसह), आणि चालू देखभाल करार. तिसरा नसेल तर 'अभिलेखावर उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येईल. टिपणासाठी तेच पुरेसं.

साधा_अर्जदार

अर्जाचं मी सांगतो. त्याआधी एक काम करा. कलम ४(१)(ब) खाली प्रत्येक कार्यालयानं १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, त्यात अकरावा मुद्दा अंदाजपत्रकाचाच. जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर तो बघा. बहुतेक ठिकाणी जुना किंवा कोरा असतो, तसं असेल तर त्याचं पान छापून अर्जाला जोडा.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून इंधन, कॅमेरे, बंदोबस्त तिन्ही एकत्र घालू नका, तीन वेगळे अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानाला दोन रुपये. पत्ता ठाण्याचा नको, 'जन माहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय' असा घाला. आकडे लेखा शाखेत असतात.

मजकूर साधारण असा:

"विषय: लेखाशीर्ष २०५५-१०९ खालील उद्दिष्टवार अनुदान व खर्च. कालावधी: मागील तीन आर्थिक वर्षे. तपशील: (१) उद्दिष्ट ०६, ११, १३, १७ व २४ खाली प्रत्येक वर्षी मागणी केलेली रक्कम, बीम्सवर वितरित अनुदान, प्रत्यक्ष खर्च व प्रत्यर्पित रक्कम. (२) प्रत्येक वर्षी ३१ मार्च रोजी अनुदानाअभावी प्रलंबित देयकांची उद्दिष्टवार एकूण रक्कम. (३) चारमाही व आठमाही अंदाजपत्रकांच्या प्रती."

('प्रत्यर्पित' म्हणजे न वापरता परत केलेली.) यात 'का', 'कशामुळे', 'कोण जबाबदार' असे शब्द येऊ देऊ नका. कारण विचारलं की 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती' म्हणून अर्ज फेटाळतात. ठाणेनिहाय खर्चही मागू नका. तसा हिशेब ठेवतच नाहीत, आणि नसलेली माहिती तयार करून द्यायला ते बांधील नाहीत. ठाण्यासाठी वस्तू मागा: अमुक ठाण्याला वर्षभरात दिलेली लेखनसामग्री, भांडार नोंदवहीच्या उताऱ्यासह.

गुप्त सेवा खर्चाच्या (उद्दिष्ट ४१) मागे लागू नका. त्याचा तपशील नेहमीच्या लेखापरीक्षणालाही खुला नसतो, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर चालतो. तो शब्द अर्जात आला की सगळाच अर्ज गोपनीय म्हणून बाजूला पडायची भीती.

तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये.

जाता जाता, एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३(२). झेरॉक्सचे पैसे मागितले तर हे कलम सांगा.

तालुका_वाचक

'प्रलंबित देयकं' हा मुद्दा डोक्यातच नव्हता. मार्च संपला की लगेच १ एप्रिलला अर्ज टाकतो.

खर्चमेळ

१ एप्रिलला नको. महालेखापालांशी खर्चमेळ (खर्चाचे आकडे जुळवणं) व्हायचा असतो, 'आकडे अंतिम नाहीत' म्हणून परत पाठवतील. मेअखेर टाका. आणि कल्याण निधीचा प्रश्न कुणी काढेलच, तर पोलिसांचे पेट्रोल पंप, उपहारगृहं, मंगल कार्यालयं यांचं उत्पन्न त्यात जातं, खर्च कर्मचाऱ्यांच्या उपचार-शिक्षणावर. तो अर्थसंकल्पाबाहेरचा निधी, बीम्सवर दिसणार नाही. त्यासाठी चौथा अर्ज करावा लागेल.